खटल्यास अयोग्य ठरलेला मनुष्य जातो कोठें?

सन २००५ च्या जुलै महिन्यांत आसामांतील एका तुरुंगांतून सत्त्याहत्तर वर्षांचा एक म्हातारा बाहेर पडला. सुटकेसाठीं न्यायालयानें त्याच्याकडून एक रुपयाचा जातमुचलका लिहून घेतला. तो आंत गेला तेव्हां सन १९५१ चालू होतें व त्याचें वय तेवीस वर्षांचें होतें. हल्लींच्या मोरीगांव जिल्ह्यांतील एका खेड्याचा, तिवा जमातीचा हा गरीब माणूस. कोणास तरी जबर दुखापत केल्याचा आरोप त्याच्यावर होता. तो आरोप खरा कीं खोटा याचा निवाडा चौपन्न वर्षांत एकाहि न्यायाधीशानें केला नाहीं. त्याचें चित्त ठिकाणावर नाहीं असें ठरवून त्यास तेजपूरच्या मनोरुग्णालयांत धाडण्यांत आलें आणि खटला थांबला. थांबला तो थांबलाच. पुढें सर्वोच्च न्यायालयानें त्यास तीन लाख रुपये भरपाई व दरमहा एक हजार रुपये देवविले. २००७ सालीं तो वारला. भरपाईच्या रकमेस कोंडून घालविलेल्या वर्षांनीं भागून पाहिलें, तर वर्षास साडेपांच हजारांच्या आंतबाहेर आंकडा येतो. आमच्या व्यापारी वाचकांनीं तो एकवार आपल्या वहीच्या कोपऱ्यांत मांडून पाहावा.

ही एखाद्या दुष्ट अधिकाऱ्याची करणी असावी असें कित्येकांस वाटेल. तसें असतें तर आम्हांस हा लेख लिहावा लागला नसता. दुष्ट अधिकाऱ्याची बदली करतां येते. येथें अनर्थ घडला तो एका दयेच्या नियमाच्या पोटीं. ज्यास आपल्यावरील आरोप कळत नाहीं, ज्यास आपल्या वकिलास चार शब्द सांगतां येत नाहींत, साक्षीदार काय बोलला याचा ज्यास मेळ घालतां येत नाहीं, अशा मनुष्यास पिंजऱ्यांत उभें करून शिक्षा ठोठावणें म्हणजे झोपलेल्या माणसावर दावा लावून एकतर्फी हुकूमनामा मिळविण्यासारखें होय. म्हणून कायदा म्हणतो, याची शुद्ध येईपर्यंत खटला थांबवा. नियम चांगला आहे. परंतु शुद्ध आली कीं नाहीं हें पाहण्यास कोणीं जावें, केव्हां जावें, आणि ती कधींच न आली तर काय करावें, या तीन प्रश्नांचें उत्तर जेथें कच्चें राहतें, तेथें दयेचा नियम जन्मठेपेहून कठोर होतो. जन्मठेप निदान निकालानंतर येते.

पुढें जाण्यापूर्वीं एक घोटाळा दूर केला पाहिजे, कारण चांगले शिकलेले लोकहि त्यांत सांपडतात. आरोपीच्या मनःस्थितीचा प्रश्न कायद्यांत तीन निरनिराळ्या वेळीं येतो. पहिला, कृत्य घडलें त्या वेळीं. आपण करितों तें काय व तें वाईट किंवा बेकायदा आहे हें मनोविकलतेमुळें ज्यास कळत नव्हतें त्याचा गुन्हाच होत नाहीं, असें १८६० च्या दंडसंहितेचें ८४ वें कलम सांगत असे. नव्या भारतीय न्याय संहितेंत तेंच २२ वें कलम झालें आहे. दुसरा, खटल्याच्या वेळीं: आतां, आज, हा मनुष्य आपला बचाव करूं शकतो काय? तिसरा, शिक्षेच्या अंमलबजावणीच्या वेळीं. फांशीची शिक्षा झाल्यावर कैद्यास गंभीर मनोविकार जडला, तर ती शिक्षा जन्मठेपेवर आणण्यास तें एक कारण होऊं शकतें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें, आणि २०१९ सालीं महाराष्ट्रांतून गेलेल्या एका पुनर्विचार अर्जांत आरोपीचें नांवहि निकालांत न छापतां त्याची फांशी रद्द केली. आमचा आजचा विषय मधला आहे. तो सर्वांत कमी चर्चिला जातो आणि सर्वांत अधिक माणसें त्यांतच हरवतात. कृत्याच्या वेळीं पूर्ण शुद्धीवर असलेला मनुष्य खटल्याच्या वेळीं वेडा असूं शकतो, उलट कृत्याच्या वेळीं वेडा असलेला आज औषधोपचारानें उत्तम बोलूं शकतो. एकाचें उत्तर दुसऱ्याच्या जागीं देणाऱ्या अहवालाचा न्यायाधीशास कांहीं उपयोग नसतो.

या नियमाचा उगम इंग्लंडांत शोधावा लागतो, आणि तो फारसा अभिमानास्पद नाहीं. आरोपीनें आरोपास उत्तर दिल्यावांचून खटला पुढें चालेना. मग जो मुकाट राहील त्याच्या छातीवर तो बोलेपर्यंत किंवा मरेपर्यंत दगडालोखंडाचीं वजनें ठेवीत; हा प्रकार तेथें १७७२ सालीं बंद झाला. अर्थात् वजन ठेवण्यापूर्वीं हा हट्टानें गप्प आहे कीं जन्माचाच मुका आहे हें पाहणें प्राप्त होतें, आणि पंचांस प्रथम तोच प्रश्न विचारीत. पुढें १८३६ सालीं एका मुक्याबहिऱ्या आरोपीच्या प्रिचर्ड खटल्यांत न्यायमूर्ति आल्डर्सन यांनीं त्या प्रश्नास नवें रूप दिलें. नुसता मुका आहे कीं नाहीं एवढ्यावर भागत नाहीं. कामकाजाचा ओघ समजून घेऊन योग्य बचाव करण्याइतकी, पुराव्याचा तपशील कळण्याइतकी बुद्धि त्यास आहे काय, हें पाहा, असें त्यांनीं पंचांस सांगितलें. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६० सालीं डस्की याच्या खटल्यांत हीच गोष्ट अधिक रेखीव केली: आपल्या वकिलाशीं बऱ्यापैकीं समजुतीनें विचारविनिमय करण्याची शक्ति आज आहे काय, आणि कामकाजाची माहितीच नव्हे तर त्याचा अर्थहि उमगतो काय. आमच्याकडे शब्द सुटसुटीत आहेत. मनोविकलता आहे काय, व तिच्यामुळें बचाव करण्यास हा असमर्थ आहे काय? १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत होते, १९७३ च्या संहितेंत राहिले, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या सत्ताविसाव्या प्रकरणांतहि तेच आहेत.

येथें बाजारपेठेंतला सामान्य मनुष्य लगेच म्हणतो, "सगळें सोंग आहे. पकडला गेला कीं प्रत्येक चोर वेडा होतो." या आक्षेपास आम्ही तुच्छ लेखीत नाहीं. सोंगें होतात, आणि मोठमोठ्या ठिकाणीं होतात. न्यूरेंबर्ग येथें हिटलरचा उजवा हात रुडॉल्फ हेस यानें आपणांस मागचें कांहीं आठवत नाहीं असा बहाणा केला. चार दोस्त राष्ट्रांच्या डॉक्टरांनीं त्यास तपासलें, वकिलांचा वादविवाद झाला. आणि ३० नोव्हेंबर १९४५ रोजीं हे गृहस्थ स्वतःच उठून म्हणाले कीं, माझी विस्मृति हें एक डावपेंचाचें सोंग होतें. दुसऱ्याच दिवशीं न्यायासनानें त्यांस खटल्यास योग्य ठरविलें. परंतु उलट उदाहरणहि त्याच काळांतलें आहे. टोकियोच्या युद्धगुन्हेगारांच्या खटल्यांत ३ मे १९४६ रोजीं ओकावा शुमेइ या पंडितानें पुढें बसलेल्या जनरल तोजोच्या टकलावर चापट मारली. सारें न्यायालय हंसलें असेल. सोंगच वाटावें असा तो देखावा होता. डॉक्टरांस मात्र मेंदूपर्यंत पोंचलेला उपदंश आढळला, आणि ओकावा खटल्यांतून वगळला गेला. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा कैवार घेणारा हा जपानी पुढें बरा झाला व त्यानें कुराणाचें जपानी भाषांतर केलें. ज्यास सोंग म्हणावें तो रोग निघाला आणि ज्यास रोग म्हणावा तें सोंग निघालें! डोळ्यांनीं पाहून ठरविण्याची ही गोष्ट नव्हे, एवढें यांतून दिसतें.

मग ठरवितात कसें? याची माहिती आमच्या वाचकांस असणें अवश्य आहे, कारण उद्यां त्यांच्याच घरच्या कोणावर अशी पाळी येऊं शकते. कसलेला मानसोपचारतज्ज्ञ आरोपीस "तूं वेडा आहेस काय" असें विचारीत नाहीं. तो विचारतो, तुझ्यावर काय आळ आहे? न्यायाधीश काय करितात? सरकारी वकील कोणाच्या बाजूनें बोलतो आणि तुझा वकील कोणाच्या? गुन्हा कबूल केलास तर पुढें काय होईल? साक्षीदार खोटें बोलतो असें तुला वाटलें तर तूं काय करशील? या साध्या प्रश्नांच्या उत्तरांत फार कांहीं दडलेलें असतें. न्यायाधीश कोण हें अचूक सांगणारा एखादा पुढें म्हणतो कीं, ते माझ्या मनांतले विचार भिंतींतून ऐकतात, म्हणून मी वकिलाशीं बोलत नाहीं. माहिती बरोबर आहे. अर्थ बिघडलेला आहे. असा मनुष्य चार प्रश्नांत उत्तीर्ण होतो आणि पांचव्यांत त्याचा रोग उघडा पडतो. याच कारणानें एका भेटींत, तासाभरांत, आटोपलेल्या तपासणीवर आमचा विश्वास नाहीं. झोंप, खाणें, कोठडींतल्या इतरांशीं वागणूक, पूर्वींचे औषधाचे कागद, घरच्यांची हकीकत, हें सारें कित्येक दिवस पाहावें लागतें.

सोंग ओळखण्याचीहि युक्ति आहे, व ती व्यापाऱ्यास चटकन् समजेल. ज्यास कांहींच आठवत नाहीं असा मनुष्य दोन पर्यायांपैकीं एक निवडावयाच्या शंभर प्रश्नांस नाणें उडविल्यासारखीं उत्तरें देईल, आणि त्यांतलीं पन्नासाच्या सुमारास आपोआप बरोबर येतील. शंभरांत वीसच बरोबर आलीं तर? तर त्यास खरीं उत्तरें ठाऊक आहेत आणि तो तीं जाणून चुकवीत आहे, असा संशय घेण्यास भरपूर जागा झाली. सोंगाड्या बहुधा अति करितो; खऱ्या रोग्याच्या वेडासहि एक प्रकारची संगति असते. आणि नुसती विस्मृति म्हणजे अयोग्यता नव्हे. इंग्लंडांत १९५९ सालीं पोडोला नांवाच्या आरोपीनें, घटना आठवत नाहीं म्हणून मी खटल्यास अयोग्य, असा मुद्दा मांडला. विस्मृति खरी धरली तरी, आज कामकाज समजत असल्यास ती पुरेशी नाहीं, असें तेथील अपील न्यायालयानें ठरविलें.

भाषेचा प्रश्न आम्हांस याहून बिकट वाटतो. गडचिरोलीच्या रानांतला गोंडी बोलणारा किंवा नंदुरबारकडचा भिली बोलणारा इसम जिल्ह्याच्या ठिकाणीं पुस्तकी मराठींतल्या प्रश्नांपुढें गप्प बसला, तर ती मनोविकलता कीं आमची गैरसोय? दुभाष्याशिवाय केलेली अशी तपासणी तपासणीच नव्हे. मुक्याबहिऱ्यांसाठीं कायद्यानें वेगळी वाट ठेविली आहे. वेडा नसून ज्यास कामकाज समजावून देतां येत नाहीं त्याचा खटला चालवावा, आणि अपराध शाबीत झाल्यास शिक्षेपूर्वीं कागद उच्च न्यायालयाकडे पाठवावे. ही वाट माहीत नसल्यानें मूकबधिरास वेड्यांत ढकलूं नये, इतकेंच येथें सांगून ठेवतों.

तपासणींत आरोपी जें बोलतो त्याचें काय, हा प्रश्नहि आमच्याकडे फारसा कोणी काढीत नाहीं. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत न्यायाधीशाच्या हुकुमानें एका डॉक्टरानें आरोपीशीं तुरुंगांत सुमारें दीड तास बोलून तो खटल्यास योग्य असल्याचें कळविलें. पुढें तोच डॉक्टर शिक्षेच्या वेळीं सरकारतर्फे साक्षीस उभा राहिला आणि हा मनुष्य सुधारण्यासारखा नाहीं असें सांगून फांशीस हातभार लावता झाला. तपासणीचा असा उपयोग होईल याची सूचना आरोपीस वा त्याच्या वकिलास नव्हती. तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालीं ती फांशी रद्द केली. आमच्याकडे २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें संमतीवांचून होणाऱ्या नार्को वगैरे चांचण्या घटनाबाह्य ठरविल्या, तें योग्यच झालें. पण योग्यतेच्या तपासणींत निघालेला शब्द त्या एका प्रश्नापलीकडे वापरतां येणार नाहीं, अशी स्पष्ट ओळ संहितेंत असती तर आरोपी डॉक्टरापाशीं मोकळेपणानें बोलला असता, आणि डॉक्टरहि पोलिसाचा पाहुणा वाटला नसता.

आतां मुख्य गोष्ट. अयोग्य ठरलेला मनुष्य पुढें जातो कोठें? हजारीबागच्या तुरुंगाचें उत्तर १९८२ सालीं वीणा सेठी यांच्या पत्रानें सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. वेडे म्हणून ठेवलेले कैदी तेथें वीस-वीस, तीस-तीस वर्षें पडून होते; कित्येक केव्हांच बरे झालेले होते, पण खटला पुन्हां सुरू करण्याची आठवण कोणासच राहिली नव्हती. त्याच प्रांतांत मुझफ्फरपूरच्या तुरुंगांत एक इसम १९६८ सालीं निर्दोष सुटल्यावर आणखी चौदा वर्षें कोंडलेला होता. कारण विचारतां, तो वेडा होता, असें उत्तर आलें, आणि त्यास पुरावा म्हणावा असा कागद कांहीं निघेना. पुण्याचे सुपुत्र सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनीं १९८३ सालीं त्यास एकंदर पस्तीस हजार रुपये देवविले. मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल सरकारकडून भरपाई देवविण्याची रूढि त्या निकालापासून पडली. १९९३ सालीं मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या अर्जावर, ज्यांनीं गुन्हाच केलेला नाहीं अशा मनोरुग्णांस तुरुंगांत ठेवणें बेकायदा व घटनाबाह्य आहे असा निकाल झाला. गुन्हा केलेला नसतांना हि माणसें तुरुंगांत होतीं, हें वाक्य वाचकांनीं पुन्हां एकदां वाचावें.

आमच्या आसामच्या म्हाताऱ्याची गोष्ट आम्हीं अर्धीच सांगितली. तेजपूरच्या डॉक्टरांनीं त्यास १९६७ सालींच शुद्धीवर आलेला ठरविलें होतें. कायद्याप्रमाणें त्यास खटल्यासाठीं न्यायाधीशापुढें उभें करावयाचें. उभें केलें नाहीं, गुवाहाटीच्या तुरुंगांत धाडून दिलें. तेथून पुढें अडतीस वर्षें. म्हणजे डॉक्टरानें आपलें काम केलें होतें. न्यायालयाच्या रोजनाम्यांत पुढची तारीख नव्हती, एवढेंच.

अमेरिकेंत हा गुंता एका क्षुल्लक रकमेच्या चोरीनें सुटला. इंडियाना संस्थानांत सत्तावीस वर्षांच्या एका मुक्याबहिऱ्या, लहान मुलाच्या बुद्धीच्या आरोपीवर दोन बायांस लुबाडल्याचे दोन आरोप होते. एकींत चार डॉलरांचा ऐवज, दुसरींत पांच डॉलर. हा कधींहि खटल्यास योग्य होण्याचा संभव नाहीं, असें डॉक्टरांनीं सांगितलें, आणि न्यायाधीशानें योग्य होईपर्यंत त्यास रुग्णालयांत ठेवण्याचा हुकूम केला! नऊ डॉलरांसाठीं आजन्म अटक. १९७२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें हा हुकूम उलथवला. नजीकच्या काळांत योग्यता येण्याचा बराच संभव आहे कीं नाहीं हें ठरविण्यास लागेल तितका वाजवी काळच अशा माणसास अडकवून ठेवतां येतें. संभव नसेल तर इतर कोणा नागरिकास मनोरुग्ण म्हणून रुग्णालयांत घालण्यासाठीं जी रीत आहे ती पाळा, नाहीं तर सोडा, असें न्यायालयानें बजावलें.

आमचा कायदा मागासलेला आहे असें मात्र कोणीं समजूं नये. २००८ ची दुरुस्ती २००९ च्या अखेरीस अंमलांत आली, आणि ती नव्या संहितेच्या ३६७ ते ३६९ या कलमांत तशीच उतरली आहे. सिव्हिल सर्जननें मनोविकलता पाहिल्यावर मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सक मानसशास्त्रज्ञ याच्याकडे प्रकरण जावें; मत न पटल्यास वैद्यकीय मंडळाकडे दाद मागतां यावी; आणि बचावास असमर्थ ठरलेल्या आरोपीविरुद्धचा पुरावा न्यायाधीशानें, आरोपीस प्रश्न न विचारतां, त्याच्या वकिलाचें म्हणणें ऐकून पाहावा व प्रथमदर्शनीं कांहीं तथ्य नसल्यास खटला तहकूब न करतां आरोपीस मुक्त करावें. ही शेवटली तरतूद सोन्याची आहे. ती १९५१ सालीं असती आणि कोणीं वापरली असती तर आसामच्या त्या तरुणाचें काय झालें असतें हें सांगतां येत नाहीं, पण निदान त्याच्याविरुद्धचा पुरावा एकदां तरी कोणीं वाचला असता. जामिनाचीहि सोय आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, रुग्णालयांत ठेवण्याइतका आजार नसेल आणि कोणी नातलग किंवा मित्र औषधोपचाराची हमी घेईल, तर न्यायालयानें सोडावें.

उणें कोठें आहे? कोणताहि सावकार सांगेल. ज्या रकमेचें खातें ठरत नाहीं ती उचंत खात्यावर टाकतात. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु वर्षअखेर उचंत खातें निकालांत काढल्यावांचून ताळेबंद पुरा होत नाहीं, आणि जो मुनीम वर्षानुवर्षें तें तसेंच पुढें ओढतो त्यास मालक नोकरींतून काढतो. आमच्या फौजदारी कायद्यांतल्या या उचंत खात्यास वर्षअखेर नाहीं. पुन्हां तपासणी किती महिन्यांनीं व्हावी हें लिहिलेलें नाहीं. तपासून मनुष्य सुधारण्यासारखा नाहीं असें ठरलें तर खटल्याचें काय करावें तेंहि लिहिलेलें नाहीं. साध्या कच्च्या कैद्यास नव्या संहितेच्या ४७९ व्या कलमानें कमाल शिक्षेचा अर्धा काळ भरल्यावर, आणि पहिलाच अपराध असल्यास एक तृतीयांश भरल्यावर, जामीन मिळण्याचा हक्क आहे. जन्मठेपेच्या व फांशीच्या गुन्ह्यांस मात्र तो लागू नाहीं. रुग्णालयांत गेलेला काळ त्यांत धरावा कीं नाहीं, याविषयीं कलम स्पष्ट बोलत नाहीं. चोरी करून शुद्धींत राहिलेला मनुष्य ज्या दिवशीं घरीं जातो, त्या दिवशीं चोरीचा आळ असलेला वेडा आंतच राहूं शकतो.

फिर्यादीची बाजू आम्ही विसरलों नाहीं. ज्याचा मुलगा मारला गेला त्यास, आरोपी वेडा आहे, थांबा, असें सांगणें कठीण आहे. परंतु विसरलेल्या खटल्यांत त्याचेंहि वाटोळेंच होतें. साक्षीदार मरतात, पंचनामे वाळवी खाते, आणि आरोपी शुद्धीवर येतो तेव्हां त्याचा अपराध शाबीत करण्यास कोणी उरलेला नसतो. तारखेवर तपासणी झाली तर बरा झालेला आरोपी पुरावा ताजा असतांनाच न्यायासनापुढें येईल.

शहरवासीयांकडे आमचें एक मागणें आहे. जामिनाच्या कलमांत "नातलग किंवा मित्र" असे शब्द आहेत, आणि तेथेंच पुष्कळांचें घोडें अडतें. नातलग येत नाहींत. बाईमाणूस असेल तर सासरहि येत नाहीं व माहेरहि येत नाहीं. दोन्ही घरीं ती मेलेली असते. ज्या गांवीं विठ्ठलाच्या वारीस दरसाल शेंकडों रुपये वर्गणी जमते, त्या गांवांत औषधाची हमी घेणारा एक सद्गृहस्थ निघूं नये हें कसें? येरवडा, ठाणें, नागपूर व रत्नागिरी येथें सरकारचीं मनोरुग्णालयें आहेत. तेथील डॉक्टर औषध देऊं शकतात, हमी देऊं शकत नाहींत. दुसरें असें कीं, घरांत कोणाचें चित्त बिघडलें तर प्रथम मांत्रिक आणि सर्वांत शेवटीं डॉक्टर ही रीत अजून सुटलेली नाहीं. त्यामुळें उद्यां त्या माणसाच्या हातून कांहीं घडलें तर न्यायालयापुढें ठेवण्यास औषधाची एक चिठ्ठीहि नसते. अंगाऱ्याची पुडी पुराव्यांत दाखल होत नाहीं.

वकील मंडळींसहि सांगणें आहे. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें कोठडींतल्या मनुष्यास, मनोरुग्णालयांत अटकेंत असलेल्यासहि, सरकारी खर्चानें वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. हक्क मागावा लागतो, आणि ज्यास आपण कोठें आहों हेंच कळत नाहीं तो तो मागणार कसा? जिल्हा विधि सेवा प्राधिकरणानें तुरुंगांतून व मनोरुग्णालयांतून दर तिमाहीस अशा माणसांची यादी मागवावी, आणि प्रत्येक नांवापुढें आरोपाचें कलम, अटकेची तारीख, मागील तपासणीची तारीख व पुढील तपासणीची तारीख असे चार रकाने असावेत. चौथा रकाना रिकामा असलेला कागद जिल्हा न्यायाधीशानें परत पाठवावा. त्यासाठीं नवा कायदा लागत नाहीं. उच्च न्यायालयाचें एक परिपत्रक पुरे. ४७९ व्या कलमांत रुग्णालयांतला काळ धरावा अशी एक ओळ मात्र संसदेनेंच घातली पाहिजे, आणि आपल्या मतदारसंघाच्या खासदारास ती मागणी पत्रानें कळविण्यास कोणाहि वाचकास हरकत नाहीं.